रक्तातली साखर मेंदूत कशी पोचते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात मधुमेही आणि त्यांच्या घरच्यांचा आमचा एक गट आहे. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारून झाल्या की कुणाच्या तरी सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही बसतो. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, पेशंट तपासत नाही. त्यामुळे "असं का होतं?" हे प्रश्न माझ्या वाट्याला आणि "गोळी अर्धी करू का?" हे प्रश्न गटातल्या डॉक्टरांच्या वाट्याला, अशी आमची विभागणी आहे. नेरूळ-वाशीकडची मंडळी येऊ शकत नाहीत, ती व्हॉट्सॲपवर विचारतात. साखर आणि मेंदू यांवरचे तेच ते प्रश्न इतक्यांदा आले, की उत्तरं एकदाची लिहून काढली. यातलं काही वाचून औषधाचा डोस मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका.

१. मेंदूतही रक्तच फिरतं ना? मग साखर रक्तातून मेंदूत "जाते" म्हणजे वेगळं काय होतं?

रक्त मेंदूत फिरतं, पण मेंदूच्या पेशींना ते शिवत नाही. ते केसाहून कितीतरी बारीक नळ्यांमधून, म्हणजे केशवाहिन्यांमधून, वाहतं आणि पेशी नळीच्या बाहेर असतात. माणसाच्या मेंदूतल्या या नळ्या एकापुढे एक ठेवल्या तर लांबी साधारण ६०० किलोमीटर भरते. ठाण्याहून निघालात तर गोव्यात पोचाल. मेंदूतली कुठलीही पेशी जवळच्या नळीपासून मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांपलीकडे नसते, इतकं हे जाळं दाट आहे.

स्नायूंमधल्या केशवाहिन्यांच्या भिंतीत पेशी-पेशींच्या मध्ये फटी असतात. त्या फटींतून पाणी, क्षार, साखर झिरपत बाहेर येतात. मेंदूत या फटी जणू टाके घालून शिवलेल्या आहेत. डॉक्टर जिला ब्लड-ब्रेन बॅरिअर म्हणतात ती भिंत हीच. ग्लुकोजला पाणी मानवतं, तेल मानवत नाही, आणि पेशीचं आवरण असतं तेलकट. म्हणजे फटीतून वाट नाही आणि आवरणातूनही आरपार जाता येत नाही. "जाणं" कसं होतं, हा प्रश्न म्हणूनच खरा प्रश्न आहे. (उत्तर प्र. ३ मध्ये.)

२. अशी भिंत आहे हे कळलं कसं?

रंगांमुळे. १८८५ च्या सुमारास जर्मनीत पॉल एर्लिश प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहत होते. यकृत, मूत्रपिंड, स्नायू, सगळं रंगलं. मेंदू आणि मज्जारज्जू पांढरेच राहिले. मेंदूला हा रंग धरतच नसावा, असं त्यांना वाटलं. पुढे त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये प्रयोग उलटा केला. निळा रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. मेंदू निळाशार झाला आणि बाकीचं शरीर कोरडं राहिलं. रंग धरतो, पण मधे काहीतरी आडवं आहे, हे तेव्हा स्पष्ट झालं. ते "काहीतरी" म्हणजे केशवाहिनीच्या पेशींमधले घट्ट टाके, हे रीज आणि कार्नोव्स्की यांनी १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं.

३. भिंत एवढी घट्ट, तर ग्लुकोज आत शिरतं कसं?

भिंतीत बसवलेल्या दारांमधून. या दाराचं नाव ग्लूट-१. ते एक प्रथिन आहे आणि केशवाहिनीच्या पेशीत रक्ताच्या बाजूलाही असतं, मेंदूच्या बाजूलाही. पण दार म्हटलं की सताड उघडं दार डोळ्यांसमोर येतं, तसं ते नाही. मी वर्गात लिफ्टचं उदाहरण देते. काही हॉस्पिटलांत दोन्ही बाजूंना दारं असलेली लिफ्ट असते: स्ट्रेचर एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, आणि दोन्ही दारं एकाच वेळी कधीच उघडी नसतात. ग्लूट-१ असंच वागतं. रक्ताकडचं तोंड उघडतं, ग्लुकोजचा एक रेणू आत बसतो, ते तोंड मिटतं, पलीकडचं उघडतं, रेणू सुटतो.

या लिफ्टला मोटर नाही. ऊर्जा खर्च न करता ती नुसती इकडे-तिकडे उघडमीट करत राहते, आणि दोन्ही दिशांना माल नेते. मग साखर एकाच बाजूला का जाते? रक्ताच्या बाजूला गर्दी जास्त असते म्हणून. इकडून चढणारे जास्त, तिकडून चढणारे कमी. गोळाबेरीज मेंदूच्या खात्यात. उतार आहे म्हणून ओघ आहे, एवढंच. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात ही गोष्ट परत येणार आहे.

हे दार आकाराच्या बाबतीत भलतंच चोखंदळ आहे. ग्लुकोजचं आरशातलं प्रतिबिंब, एल-ग्लुकोज, त्याला घेऊन जाता येत नाही. अणू तेच आणि तेवढेच, फक्त डाव्या हाताचा मोजा उजव्या हाताला चढत नाही तसं.

भिंत ओलांडली की ग्लुकोज पेशींमधल्या पाण्यात येतं. तिथून चेतापेशी ते ग्लूट-३ नावाच्या दाराने उचलतात. हे दार आसपास साखर थोडी असतानाही चांगलं काम करतं. आत गेल्या गेल्या हेक्झोकायनेज नावाचं एन्झाइम ग्लुकोजला फॉस्फेटची शेपटी जोडतं. शेपटी लागलेलं ग्लुकोज लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून परत जाऊ शकत नाही. आतली साखर अशी सतत खर्ची पडते, म्हणून उतार टिकतो.

४. मग इन्सुलिनचं काम काय? आम्हाला तर सांगितलं होतं की इन्सुलिन म्हणजे पेशीची किल्ली.

किल्लीचं उदाहरण स्नायूंना आणि चरबीला लागू आहे. तिथे ग्लूट-४ नावाची दारं पेशीच्या पोटात गुंडाळून ठेवलेली असतात आणि इन्सुलिनचा निरोप आला की पृष्ठभागावर येतात. मेंदूच्या भिंतीतली ग्लूट-१ ची दारं कायम जागेवर असतात. त्यांना निरोपाची गरज नाही. इन्सुलिन अजिबात नसलेल्या माणसाच्या मेंदूतही साखर जात राहते.

इन्सुलिनचा मेंदूशी संबंधच नाही, असा अर्थ मात्र काढू नका. ते स्वतः भिंत ओलांडून आत जातं आणि भूक आवरण्याचे निरोप देतं. पण साखरेच्या वाटेवरचं दार ते उघडत नाही.

यातला व्यवहार लक्षात घ्या. इन्सुलिन जास्त टोचलं गेलं तर स्नायू भराभर साखर ओढून घेतात आणि रक्तातली पातळी घसरते. मेंदूला "माझा वाटा आधी" म्हणायची सोय नाही. उताराने जे येईल तेच त्याच्या पदरात.

५. आतड्यातून साखर रक्तात येते तेव्हाही हीच लिफ्ट असते का?

नाही, तिथे मोटर असलेली लिफ्ट आहे. आतड्यातलं एसजीएलटी-१ हे प्रथिन सोडियमच्या जोरावर ग्लुकोजला चढावरही ओढून नेतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी येतं. जुलाबात मीठ-साखरेचं पाणी का चालतं, त्याचं कारण हेच. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजून पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. मेंदूच्या वाटेवर असा चढ चढवणारा पंप नाही.

६. मेंदू दिवसाला किती साखर खातो?

मोठ्या माणसाचा मेंदू वजनाच्या सुमारे २ टक्के असतो आणि विश्रांतीच्या वेळच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा एकटा घेतो. ग्लुकोजच्या हिशेबात दिवसाला १०० ते १२० ग्रॅम, म्हणजे तासाला पाचेक ग्रॅम.

आता दुसरा हिशेब करा. शुगर १०० असेल तर एक लिटर रक्तात एक ग्रॅम ग्लुकोज. अंगात पाच लिटर रक्त, म्हणजे एका वेळी जेमतेम पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा! अख्ख्या शरीराच्या रक्तातली साखर मेंदू एकटा तासाभरात फस्त करू शकतो. ती संपत नाही, कारण यकृत मागून सतत भर घालत असतं. मेंदूची स्वतःची शिल्लक नगण्य आहे. ताऱ्याच्या आकाराच्या आधार-पेशींमध्ये थोडं ग्लायकोजेन असतं, पण ते मिनिटांच्या बोलीवर पुरणारं.

लहान मुलांचं गणित आणखी टोकाचं. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या विश्रांतीच्या वेळच्या खर्चातला निम्म्याहून जास्त भाग मेंदूकडेच जातो. खाण्याच्या वेळा चुकल्या की ही मुलं चिडचिडी होतात, त्याला नुसता हट्टीपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

७. रक्तात १०० असेल तर मेंदूतही १०० च असते का?

नाही. पेशींभोवतीच्या पाण्यात ती रक्ताच्या साधारण पाव ते तृतीयांश असते, कारण येणारी साखर लगेच खर्च होते. पाठीच्या कण्यातून काढतात त्या पाण्यात ती रक्ताच्या सुमारे दोन-तृतीयांश सापडते. म्हणूनच पाठीतून पाणी काढताना त्याच सुमारास हाताचं रक्तही घेतात. "आधीच एवढ्या सुया, त्यात ही आणखी कशाला?" अशी तक्रार करू नका, कारण नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, रक्ताशी असलेलं त्याचं प्रमाण बघायचं असतं. जिवाणूंच्या किंवा टीबीच्या मेंदूज्वरात हे प्रमाण घसरतं. विषाणूंच्या मेंदूज्वरात बहुधा घसरत नाही.

८. मुलीचा दहावीचा पेपर आहे. जाताना ग्लुकोजचं पाणी दिलं तर डोकं जास्त चालेल का?

व्यवस्थित जेवलेल्या निरोगी मुलीचं? नाही. नेहमीच्या पातळीला या लिफ्ट मेंदूच्या गरजेच्या दुपटीहून जास्त माल नेऊ शकतात. अडतं ते पुढे. प्र. ३ मधलं शेपटी लावणारं एन्झाइम आधीच पूर्ण वेगाने काम करत असतं. कारखान्याच्या दारात आणखी चार ट्रक उभे केले म्हणून आतलं मशीन जोरात फिरत नाही.

उपाशीपोटी जाणाऱ्या मुलीची गोष्ट वेगळी, पण तिला पोहे द्या, उपमा द्या. आणि हातावर दही-साखर जरूर ठेवा. त्यातल्या साखरेने गणित सुटत नसलं तरी आजीला बरं वाटतं, आणि तेही परीक्षेच्या दिवशी लागतंच.

९. शुगर लो झाली की माणूस विचित्र का वागतो? आमचे अण्णा तर शिव्या द्यायला लागले.

साखर उतरली की दोन गोष्टी ओळीने होतात. ७० च्या खाली आलं की शरीर अॅड्रिनॅलिन सोडतं: घाम, थरथर, छातीत धडधड, भूक. ही शरीराची ओरड आहे, मेंदू अजून शाबूत असतो. आणखी खाली, ५४ च्या आसपास, उतारच इतका कमी होतो की लिफ्टने येणारा माल गरजेला पुरत नाही. आता मेंदूच उपाशी. विचार, बोलणं, तारतम्य, सगळं ढेपाळतं. आणि गोम अशी, की "मला काहीतरी होतंय" हे ओळखायचं कामही त्याच उपाशी मेंदूकडे असतं.

माझ्या वडिलांचं सांगते. चरईतलं आमचं घर, सकाळचे साडेनऊ. बाबांनी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती आणि नाश्ता "नंतर बघू" म्हणून राहिला होता. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर ते खुर्चीत बसून एकच पंचा घडी घालत होते, उलगडत होते, परत घडी घालत होते. शर्टाचं एक बटण चुकल्याने कॉलर एका बाजूला वर गेलेली. "बाबा, बोट द्या" म्हटलं तर खेकसले, "मला काही झालेलं नाही, उगाच मागे लागू नका!" आयुष्यात आवाज न चढवणारा माणूस. मीटरवर ४६. आईने स्टीलच्या पेल्यात ग्लुकोज कालवून आणलं, पहिल्यांदा त्यांनी पेला ढकलला, पंचावर सांडलं. दुसऱ्यांदा प्यायले. पंधरा मिनिटांनी ८१ आणि एकदम शांत आवाजात, "चहा झाला का गं?" मधल्या अर्ध्या तासातलं त्यांना काहीही आठवत नव्हतं.

म्हणून भांडणारा माणूस लो शुगरचा असू शकतो हे घरच्यांनी मनाशी बांधून ठेवावं, आणि वाद घालायच्या आधी बोट टोचावं. मीटर हाताशी नसेल तर थेट ग्लुकोज द्यावं. चुकून जास्त झाली तर त्या घडीला बिघडत नाही.

एक पुस्ती जोडते. त्याच दिवशी दोन तासांनी बाबांची शुगर परत ६४ वर आली होती. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड जातीच्या गोळ्यांचा असर बराच वेळ राहतो, मूत्रपिंड थकलेलं असेल तर आणखीच. एकदा वर आली म्हणून निर्धास्त होऊ नका. जेवण द्या, मोजत राहा, डॉक्टरांना कळवा.

१०. लो झाल्यावर नेमकं काय द्यायचं? साखर, गूळ, केळं, चॉकलेट, सगळे वेगवेगळं सांगतात.

पहिली पसंती साध्या ग्लुकोज पावडरला: १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, थोड्या पाण्यात. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच. ग्लुकोजला पचनाची गरज नाही आणि मेंदूच्या दारातून जाणारा रेणू तोच आहे.

घरची साखर चालते, पण तिचा अर्धा भागच ग्लुकोज असतो. उरलेला अर्धा फ्रुक्टोज यकृताकडे जातो, मेंदूच्या तातडीच्या कामी येत नाही. चॉकलेट आणि पेढा नको, कारण त्यातल्या चरबीमुळे पोट उशिरा रिकामं होतं. केळं नंतर, पहिला धोका टळल्यावर.

आता एक अपवाद, जो बहुतेकांना माहीत नसतो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर घरची साखर त्या वेळी भरवशाची नाही. ही औषधं आतड्यात साखरेचे दोन तुकडे करणारं एन्झाइमच रोखतात, म्हणून तुम्ही चार चमचे साखर दिलीत तरी ती वेळेवर रक्तात येत नाही. अशा माणसाला ग्लुकोजच लागतं. कित्येक गोळ्यांत व्होग्लिबोज दुसऱ्या औषधांबरोबर मिसळलेलं असतं, म्हणून पाकिटाची मागची बाजू आजच वाचून घ्या. ग्लुकोज म्हणून आणलेल्या डब्यावरही घटक वाचा. काही चवदार पावडरींत निम्मी साधी साखर असते. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच.

माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.

११. माझी शुगर ११० असते तरी घाम फुटतो आणि हात थरथरतात. मीटर बिघडलाय का?

मीटर बहुधा बरोबर आहे. महिनोन्महिने २५०-३०० मध्ये राहिलेल्या शरीराला तीच पातळी घरची वाटू लागते. औषधाने ती झपाट्याने ११० वर आली की ओरडणारी यंत्रणा (प्र. ९ मधली पहिली पायरी) विनाकारण जागी होते. मेंदूला पुरेशी साखर मिळत असते. काही आठवड्यांत सवय बदलते. त्रास फार होत असेल तर उतरवण्याचा वेग कमी करावा का, हे डॉक्टर ठरवतील.

मला काळजी उलट्या प्रकारच्या लोकांची वाटते. वारंवार लो होणाऱ्यांची ओरड हळूहळू मुकी होते: घाम नाही, थरथर नाही, ५० ला थेट भ्रम. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांनाही धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम तेवढा येतो. अशा माणसाने पाम बीच रोडवर गाडी काढण्याआधी शुगर मोजावी. बरं वाटतंय हा त्यांच्यापुरता पुरावा नाही.

१२. नवरात्रात नऊ दिवस उपास केला तर मेंदू उपाशी राहतो का?

निरोगी माणसाचा नाही. यकृतातला साठा साधारण दिवसभर पुरतो, त्यानंतर यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतं. दोन-तीन दिवस उलटले की चरबीपासून कीटोन तयार होतात. चरबीतली मेदाम्लं मेंदू इंधन म्हणून फारशी वापरत नाही, पण कीटोनना आत यायला वेगळं दार आहे, एमसीटी-१. जॉर्ज केहिल आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये बॉस्टनला पाच-सहा आठवडे निव्वळ उपाशी असलेल्या लठ्ठ व्यक्तींचा अभ्यास केला, तेव्हा मेंदूची निम्म्याहून जास्त भूक कीटोनवर भागत होती. त्याआधी मेंदू ग्लुकोजखेरीज काही चाखत नाही असाच समज होता.

आपल्याकडचा उपास बहुतेकदा एवढ्या थराला जातच नाही. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, बटाट्याचा कीस, वर राजगिऱ्याचे लाडू; एकादशीच्या संध्याकाळी आमच्या गटातले आकडे चढलेले असतात.

खरा धोका इन्सुलिन किंवा प्र. ९ मधल्या गोळ्या चालू ठेवून निर्जळी किंवा कडक उपास करण्यात आहे. इन्सुलिन साखर तर उतरवतंच, वर चरबी मोकळी होऊ देत नाही, म्हणजे कीटोनही बनू देत नाही. उपाशी साधूची शुगर ५५ असली तर त्याच्या मेंदूला कीटोनचा आधार असतो. इन्सुलिनमुळे ५५ झालेल्या माणसाला तो नसतो. आकडा एकच, अवस्था वेगळी. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या लघवीतून साखर घालवणाऱ्या गोळ्यांचं नेमकं उलटं: उपासात कीटोन बेसुमार वाढून शुगर फारशी न चढताही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. घटस्थापनेच्या आधी डॉक्टरांना एकदा विचारा, अष्टमीला नको.

१३. शुगर ३०० असेल तर मेंदूला भरपूर मिळत असेल ना?

मिळते, पण खर्च वाढत नाही (प्र. ८). आत साखर साचते आणि लघवीवाटे पाणी जाऊन शरीर सुकतं. ६०० च्या पुढे गेलेली माणसं गुंगीत जातात ती मुख्यतः या सुकण्यामुळे. वर्षानुवर्षं चढलेली साखर तर नळ्यांच्या भिंतींनाच पोखरते.

१४. शेजाऱ्यांचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना. पक्षाघात म्हणून नेलं आणि निघाली लो शुगर. असं होतं?

होतं. साखर फार उतरली की कधीकधी मेंदूचा एकच भाग आधी बंद पडतो आणि चित्र हुबेहूब पक्षाघाताचं दिसतं. म्हणूनच अशा रुग्णाचं बोट इमर्जन्सीत सगळ्यात आधी टोचतात. पण घरी मोजत बसून गाडी अडवू नका. पक्षाघात असेल तर प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

१५. आमच्या नातीला फिट येतात. रक्तातली शुगर नॉर्मल, पण डॉक्टर म्हणाले मेंदूला साखर पोचत नाही. हे कसं शक्य आहे?

लिफ्टच कमी असतील तर शक्य आहे. एसएलसी२ए१ या जनुकावर ग्लूट-१ ची कृती लिहिलेली असते. आई-बाबांकडून मिळालेल्या दोन प्रतींपैकी एक बिघडली की दारं साधारण निम्मी होतात. रक्तात साखर आहे, उतारही आहे, पण नेणारं कोणी नाही. डॅरिल डी व्हिव्हो आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये या आजाराचं पहिलं वर्णन केलं. पाठीच्या पाण्यात साखर कमी आणि त्याच वेळी रक्तात नेहमीसारखी, ही त्याची खूण (प्र. ७). तान्हेपणी येणाऱ्या फिट, चालताना तोल जाणं, उशिरा बोलणं, आणि खास म्हणजे उपाशीपोटी सगळंच बिघडणं, जेवल्यावर सुधारणं. आई विचारते, "माझ्याकडून आलं का?" बहुतेक मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो; आई-बाबांच्या जनुकांत तो नसतो.

उपाय सुंदर आहे. दार बिघडलंय ना, मग दुसऱ्या दाराने इंधन पाठवा. भरपूर चरबी आणि अगदी थोडे पिष्टमय पदार्थ असा कीटोजेनिक आहार दिला की कीटोन एमसीटी-१ मधून आत जातात (प्र. १२), आणि बऱ्याच मुलांच्या फिट आटोक्यात येतात. हा आहार ग्रॅममध्ये तोलून, आहारतज्ज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीत द्यायचा असतो. वजन कमी करायला शेजारचे काका करतात ते "कीटो" आणि हे, यांत फक्त नाव सारखं आहे.

१६. पेट स्कॅनला खारघरला गेलो होतो. सहा तास उपाशी ठेवलं, आणि रिपोर्टच्या चित्रात मेंदू लालभडक. कॅन्सर पसरलाय का?

मेंदूचं चमकणं हे नॉर्मल आहे. घाबरण्याआधी रिपोर्टमधला मजकूर डॉक्टरांकडून समजून घ्या. स्कॅनसाठी जे टोचतात ते किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं ग्लुकोजसारखं रसायन, एफडीजी. ते ग्लूट-१ च्या लिफ्टने जातं, त्यालाही शेपटी लागते, पण पुढचं एन्झाइम त्याला ओळखत नाही. पेशीत अडकून बसतं. जिथे साखरेचा खप जास्त तिथे ते जास्त साचतं: गाठीत, आणि मेंदूत तर नेहमीच. अडकून बसणाऱ्या नकली ग्लुकोजने मेंदूचा खप मोजायची युक्ती लुई सोकोलॉफ यांच्या गटाने १९७७ मध्ये मांडली.

उपाशी का? रक्तात खरी साखर जास्त असेल तर त्याच लिफ्टसाठी रेटारेटी होते आणि एफडीजी मागे राहतं. इन्सुलिन वाढलेलं असेल तर ते स्नायूंत पळतं (प्र. ४). आणि वेळेवर या असं बजावतात, कारण फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांना निम्मं होतं. सायन-पनवेल हायवेवर तुम्ही अडकलात तरी ते तुमच्यासाठी थांबत नाही.

१७. गटारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ बेशुद्ध. मधुमेह नाही, तरी शुगर ३८. दारूत तर साखर असते ना?

दारू यकृताचा नवीन ग्लुकोज बनवायचा रस्ता अडवते. रात्री जेवण न करता पीत बसलं की यकृतातला साठा संपतो आणि भर घालणारं कोणी उरत नाही (प्र. ६). घरच्यांना वाटतं उतरली नाही अजून, झोपू दे. तो झोपलेला नसतो.

वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या बाबतीत डॉक्टर ग्लुकोजच्या जोडीला बी-१ जीवनसत्त्वही टोचतात. ग्लुकोज जाळायला मेंदूला ते लागतं. साठा रिकामा असताना नुसतं ग्लुकोज ओतलं तर उरलंसुरलं बी-१ ही संपून मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

१८. घरच्या मीटरवर ९४, त्याच वेळी दिलेल्या रक्ताचा लॅबचा आकडा ७८. माझ्या मेंदूला नक्की किती मिळतंय?

बहुधा ९४ च्या हिशेबाने. हा प्रश्न घोडबंदर रोडवरच्या एका सभासदाचा. विचारलं तेव्हा कळलं की सकाळी सातला घरून रक्त नेलं आणि दहाच्या पुढे ते तपासणीला लागलं. लाल रक्तपेशींच्या अंगावरही ग्लूट-१ ची दारं असतात, भरपूर असतात, आणि नळीत गेल्यावरही त्या जेवायच्या थांबत नाहीत. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला पाच ते सात टक्के उतरते. तीन तासांत ९४ चे ७८ व्हायला तेवढं पुरे. शिवाय घरच्या मीटरला या पातळीला पंधराएक अंकांची सूट असतेच.

साखरेचं रक्त फ्लोराइड घातलेल्या करड्या झाकणाच्या नळीत घेतात ते म्हणूनच. फ्लोराइड पेशींचं जेवण थांबवतं, पण त्यालाही पकड घ्यायला तास-दीड तास लागतो. पुढच्या वेळी घरी रक्त न्यायला मुलगा आला की झाकणाचा रंग बघा आणि नमुना मशीनला किती वाजता लागणार ते विचारा.